चकवा लागू नये म्हणून: गाडीसाठी आणि डोंगरासाठी जीपीएस कसा निवडावा

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेली एक गाडी रात्री अकोले तालुक्यात पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. मोबाइलवरचा नकाशा रस्ता दाखवत होता, आणि रस्ता तिथे खरंच होता. धरण भरलं की त्या वाटेवरचा पूल पाण्याखाली जातो, एवढंच नकाशाला ठाऊक नव्हतं. गाडी चालवणारा वाचला नाही. अशा वेळी आपण ‘जीपीएसने घात केला’ म्हणून मोकळे होतो. पण आपली गाडी कुठे आहे हे सांगण्यात उपग्रह चुकलेले नसतात. चुकलेला असतो नकाशा.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण जीपीएस घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘कुठलं मॉडेल घेऊ?’ माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी नकाशा कुठला वापरणार ते ठरवा, मग सेल कुठले, आणि यंत्र सगळ्यात शेवटी. शिवाय गाडीतही तेच आणि गडावरही तेच असं एकच यंत्र शोधायला जाऊ नका. ते दोन्हीकडे अर्धवट चालतं.

यंत्राला काय कळतं

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवरून फिरतात आणि सतत आपली वेळ व जागा सांगत राहतात. आपल्या हातातलं यंत्र फक्त ऐकतं, घरातल्या रेडिओसारखं. संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून अंतर काढायचं आणि किमान चार उपग्रहांच्या अंतरांवरून स्वतःची जागा. घड्याळात सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं, यावरून हिशोब किती नाजूक आहे ते लक्षात येईल. २ मे २००० पर्यंत अमेरिकेने नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली होती आणि जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसायची. ती चूक काढल्यावरच ट्रेकसाठी हातातला जीपीएस खऱ्या अर्थाने कामाचा झाला.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, यंत्राला आकाश दिसलं पाहिजे. दोन, त्याला सिमकार्ड, रेंज, इंटरनेट काहीही लागत नाही. ‘डोंगरात रेंज नसते, मग फोनचा जीपीएस कसा चालणार?’ हा प्रश्न मला दर पावसाळ्यात ऐकू येतो. चालतो. फोन फ्लाइट मोडवर टाकला तरी चालतो. रेंज गेली की जातो तो नकाशा, कारण तो फोनमध्ये उतरवून घेतलेला नसतो. आणखी एक फरक पडतो. इंटरनेट असताना उपग्रहांची ताजी माहिती फोनला आयती मिळते. ते नसेल तर ती उपग्रहांकडून हळूहळू घ्यावी लागते. एका उपग्रहाची स्वतःच्या कक्षेची माहिती यायला साधारण अर्धं मिनिट लागतं, सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटं. म्हणून रेल्वेने किंवा विमानाने लांब जाऊन उतरलात की यंत्र मोकळ्या आकाशाखाली ठेवा आणि निवांत चहा घ्या. ‘सिग्नल मिळत नाही’ म्हणून ते पाच वेळा बंद-चालू केलं, तर प्रत्येक वेळी काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

पहिली पायरी: गेल्या वर्षाची वही

यंत्र बघण्याआधी गेल्या वर्षभरात कुठे कुठे गेलात ते कागदावर लिहा. मनातले बेत नकोत, झालेले प्रवास लिहा. बारापैकी दहा सहली गाडीने आणि दोन सिंहगडाच्या पायवाटेने झाल्या असतील, तर वेगळा जीपीएस घेऊ नका. सिंहगडाच्या वाटेवर रविवारी चुकायला वेगळंच कौशल्य लागतं. उलट आडवाटेच्या घाटवाटा, भर पावसातले ट्रेक, दोन-तीन दिवसांची पायपीट किंवा हिमालय यादीत असेल, तर हातात धरायचा जीपीएस घ्या. त्याला मध्यम दर्जाच्या फोनइतके पैसे पडतात, म्हणून ही वही आधी.

गाडीसाठी: फोन पुरतो, पण नीट बसवा

पंधरा वर्षांपूर्वी काचेला चिकटवायचे नेव्हिगेटर मिळायचे. गार्मिन कंपनीचा नुवी होता, मॅपमायइंडियाची यंत्रं होती. आज गाडीसाठी तसलं यंत्र घेण्यात मला अर्थ दिसत नाही. वाहतूक कोंडी, नवे उड्डाणपूल, बंद रस्ते हे सगळं फोनवर ताजं मिळतं आणि वाट मराठीतून ऐकताही येते. हातात धरायचा ट्रेकचा जीपीएस गाडीत वापरायचा म्हटलं तर स्क्रीन जेमतेम अडीच इंचांचा आणि बोलून वाट सांगणं जवळपास कुठल्याच मॉडेलमध्ये नाही. वळण आलं की नुसतं बीप. बोर घाटात त्या बीपकडे बघायला मान वळवायची नसते.

मग खर्च कशावर करायचा? चांगल्या स्टँडवर आणि चार्जरवर. मे महिन्यात बंद गाडीत काचेला लावलेला स्टँड सुटून पडतो आणि उन्हात तापलेला फोन ऐन प्रवासात बंद होतो. एसीच्या झडपेवर बसणारा स्टँड यावर बरा, कारण थंड हवा फोनच्या पाठीला लागते. काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर सिग्नल अडतो. तसं वाटलं तर फोन क्षणभर खिडकीबाहेर धरून फरक बघा. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडी चालवताना फोन फक्त वाट बघण्यासाठी वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे पत्ता टाकायचा तो गाडी सुरू करण्याआधी.

बाइकवाल्यांसाठी वेगळं सांगतो. हँडलला महागडा फोन बांधू नका. इंजिनाच्या सततच्या थरथरीने कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतःच तसा इशारा दिला होता. जुना फोन त्या कामाला काढा.

गाडीने गडाकडे जाताना एक सवय मात्र लावून घ्या. गडाचं नाव टाकू नका, पायथ्याच्या गावाचं टाका. नकाशावर गडाची खूण माथ्यावर असते आणि अ‍ॅप त्या खुणेच्या सरळ रेषेत जवळ पडणारा रस्ता शोधतं. हरिश्चंद्रगडाला पाचनईतून जायचं की खिरेश्वरहून, हे तुम्ही ठरवायचं असतं. ते अ‍ॅपवर सोडलंत तर कोकणकड्याच्या तळाशी बेलपाड्यालाही पोचाल. तिथून गड दिसतो फार सुंदर, पण वर जायला नळीची वाट आहे आणि ती हौशी माणसाची वाट नाही. गावाच्या नावासोबत तालुकाही लिहा. वडगाव आणि पिंपळगाव महाराष्ट्रात किती आहेत याची मोजदाद करायला बसलो तर ट्रेक राहून जाईल.

निघण्याआधी वायफायवर त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवा. अ‍ॅपने ‘जवळची वाट’ सुचवली आणि पुढे डांबर संपलं, तर पहिल्या टपरीवर थांबून विचारा. राजमाचीला लोणावळ्याहून रस्ता आहे हे नकाशा सांगतो. त्या रस्त्यावर तुमच्या लहान गाडीचं पोट घासतं हे टपरीवाले मामा सांगतात.

डोंगरासाठी: इथे मात्र नीट बघून घ्या

एका ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावरच्या पठारावर आम्ही धुक्यात सापडलो. दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. फोन काढला तर त्याचा स्क्रीन माझ्या बोटांपेक्षा पावसाचे थेंबच जास्त चालवत होते. नकाशा आपोआप मोठा होई, लहान होई, कोकणात जाई. पाऊण तास चालून आम्ही ज्या कातळापाशी डबा खाल्ला होता तिथेच परत आलो. आजी याला चकवा म्हणायची. डोळ्यांना खूण सापडली नाही की माणूस सरळ चालतोय असं समजून गोल फिरतो. त्यानंतर मी बटणांचा जीपीएस घेतला.

म्हणून पहिली अट बटणं. सह्याद्रीत खरी गरज पावसात आणि धुक्यात पडते आणि तेव्हा हात ओले असतात. टचस्क्रीनचे महाग जीपीएस दुकानात देखणे दिसतात. दुकानात पाऊस पडत नाही.

दुसरी गोष्ट स्क्रीन. फोनचा स्क्रीन स्वतःच्या उजेडावर चालतो, म्हणून कडक उन्हात काळाठिक्कर पडतो आणि बॅटरी खातो. ट्रेकच्या जीपीएसचा स्क्रीन ऊन परावर्तित करून दिसतो. म्हणजे ऊन जितकं जास्त तितका तो स्वच्छ. याच कारणाने दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो फिका आणि जुनाट वाटतो. बाहेर फुटपाथवर नेऊन बघा आणि मगच ठरवा.

तिसरी गोष्ट अँटेना, जिच्याबद्दल विक्रेता सहसा बोलत नाही. गार्मिनच्या ईट्रेक्स मालिकेत सपाट अँटेना असते, म्हणून ते यंत्र तळहातावर आडवं, तोंड आकाशाकडे करून धरायचं. जीपीएसमॅप मालिकेतल्या यंत्रांच्या डोक्यावर जाडसर दांडी असते. तिच्यात पिळदार अँटेना असते, म्हणून ते उभं धरलेलं चांगलं. भीमाशंकरच्या ओल्या दाट झाडीत आणि अरुंद नाळेत हा दुसरा प्रकार मला सरस वाटतो. पण पहिला प्रकार लहान, हलका आणि स्वस्त असतो, आणि नीट धरला तर बहुतेक ट्रेकना पुरतो. यंत्र ‘भरकटतं’ म्हणून तक्रार करणाऱ्यांपैकी अर्ध्या लोकांनी ते पँटच्या खिशात ठेवलेलं असतं.

नाळेतली अडचण थोडी वेगळी आहे. दोन्ही बाजूंना कातळकडे असले की उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून उशिरा पोचतो आणि यंत्राला तुम्ही आहात त्यापेक्षा पलीकडे वाटता. कड्याच्या काठावर ही पन्नास मीटरची चूक साधी नसते. यावर उतारा म्हणजे दोन वारंवारितांवर ऐकणारी यंत्रं. नेहमीची एल१ म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झ आणि नवी एल५ म्हणजे ११७६.४५. एल५ च्या संदेशाची रचना अशी आहे की खरा संदेश आणि आपटून आलेला यांतला फरक ओळखणं सोपं जातं. घाटवाटा हाच छंद असेल तर या सोयीसाठी जास्तीचे पैसे द्या. गडाच्या मळलेल्या वाटांसाठी गरज नाही.

उपग्रहांच्या याद्यांना मात्र भुलू नका. खोक्यावर जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेईदू असं लिहिलेलं असतं. जीपीएसला यातल्या एखाद्या व्यवस्थेची जोड असणं चांगलं, कारण अरुंद आकाशातही पुरेसे उपग्रह सापडतात. आपल्या ‘नाविक’चं नाव वाचून उर भरून येतो, माझाही येतो. २०१३ पासून सोडलेल्या त्यातल्या अनेक उपग्रहांची अणुघड्याळं बिघडली आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. नाविक आहे म्हणून यंत्र घ्यावं अशी स्थिती आज तरी नाही. ‘गगन’ मात्र कामाचं आहे. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ही व्यवस्था जीपीएसच्या चुका दुरुस्त करणारे संदेश देते. यंत्राच्या सेटिंगमध्ये ‘वास/ईग्नॉस’ (WAAS/EGNOS) असं लिहिलेलं असतं, ही अमेरिका आणि युरोपच्या अशाच व्यवस्थांची नावं. ते चालू केलं की यंत्र गगनचे संदेशही ऐकतं.

सेल: अर्धा निर्णय इथेच होतो

कंपन्यांचे आकडे बघा. जुना ईट्रेक्स २२एक्स दोन एए सेलवर २५ तास, जीपीएसमॅप ६५ तशाच दोन सेलवर १६ तास, साधा काळापांढरा ईट्रेक्स एसई १६८ तास, आणि आतल्या चार्जिंगच्या बॅटरीवर चालणारा जीपीएसमॅप ६७ हा १८० तास. हे आदर्श परिस्थितीतले आकडे. दिवा लावून, नकाशा बघत, गारठ्यात चाललात तर निम्मे धरा.

माझं मत एए सेलच्या बाजूने आहे, म्हणजे घड्याळाला घालतो ते पेन्सिल सेल. चार्जिंगची आतली बॅटरी चार-पाच वर्षांत म्हातारी होते आणि तिच्याबरोबर यंत्रही. पेन्सिल सेल संपले तर दुसरे घालायचे, तीस सेकंदांचं काम. घरून चार्ज करून न्यायला कमी गळती असलेले निकेल-मेटल-हायड्राइड सेल घ्या. हे महिनोन्महिने भरलेले राहतात. साधे चार्जेबल सेल कपाटात पडूनच रिकामे होतात. गावच्या दुकानात मिळणारे स्वस्त कार्बन सेल अडचणीला ठीक, पण ते काही तासांत मान टाकतात. आणि सेल बदलला की यंत्राच्या मेनूत सेलचा प्रकारही बदला. नाहीतर बॅटरीची खूण अर्धी दिसत असतानाच यंत्र बंद पडतं.

पाण्याबद्दल थोडक्यात. आयपीएक्स७ लिहिलेलं यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं, पावसाला ते पुरेसं आहे. पण ते तरंगेलच असं नाही, म्हणून दोरी बांधा, आणि सेलच्या झाकणाचं रबर वाळूशिवाय स्वच्छ ठेवा.

होकायंत्र आणि उंचीमापक

काही स्वस्त मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नसतं. अशा यंत्राला तुम्ही चालत असतानाच दिशा कळते. धुक्यात दोन वाटांपाशी उभे राहिलात की बाण वाटेल तिकडे फिरतो. ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स यांच्यात मुख्य फरक हाच, ३२एक्समध्ये होकायंत्र आणि हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक आहे. पैसे वाचवायचे असतील तर २२एक्स घेऊन शे-दोनशे रुपयांचं साधं होकायंत्र गळ्यात अडकवा. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जेमतेम असतो, त्यामुळे हिशोबाची कटकट नाही.

दाबावरचा उंचीमापक पायथ्याच्या गावात, उंची ठाऊक असलेल्या जागी, दर वेळी जुळवून घ्यावा लागतो. हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने बदलला की उंची आठ-नऊ मीटरनी चुकते आणि पावसाळी दिवसात दाब तेवढा सहज बदलतो. फोनच्या काही अ‍ॅपमध्ये वेगळीच गंमत दिसते. जुहूच्या वाळूत उभं राहिलं तरी ती उंची उणे साठ-सत्तर मीटर दाखवतात. पृथ्वीचा जो गणिती आकार उपग्रह धरून चालतात, त्याच्यापेक्षा आपल्या भागातली खरी समुद्रसपाटी तेवढी खाली आहे. चांगलं यंत्र ही दुरुस्ती आपोआप करतं, काही अ‍ॅप करत नाहीत.

नकाशा

यंत्रात आधीपासून भरलेला नकाशा बहुतेकदा हायवेपुरता असतो. सह्याद्रीत त्याचा उपयोग शून्य. ओपनस्ट्रीटमॅपवरून तयार केलेले, गार्मिनमध्ये चालणारे नकाशे फुकट मिळतात. फोनसाठी ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स हाच नकाशा इंटरनेटशिवाय दाखवतात. घेण्याआधी तुमच्या ओळखीच्या दोन गडांच्या वाटा त्यात आहेत का ते फोनवर तपासा. ट्रेकर मंडळींनी भरलेल्या भागात ढोरवाटाही सापडतात, शेजारच्याच डोंगरावर काही नसतं. म्हणून नकाशा घालता येईल असं यंत्र घ्या आणि त्यात मेमरी कार्डाची खाच आहे ना ते बघा. वर सांगितलेला १६८ तासांचा ईट्रेक्स एसई इथे मागे पडतो, त्यात असा नकाशा घालता येत नाही. नुसत्या आखलेल्या रेषेवरून चालायचं असेल तरच तो घ्यावा.

सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवता येतात. एक छापून खिशात ठेवा. पण कुठल्याही नकाशातल्या समोच्च रेषा वाचताना लक्षात घ्या, दोन रेषांत साधारण २० मीटरचा फरक असतो. पंधरा मीटरचा कातळकडा त्या दोन रेषांच्या मधे नाहीसा होतो. फुकट नकाशांवरच्या रेषा बऱ्याचदा २००० सालच्या अंतराळयानाच्या रडार मोजणीवरून काढलेल्या असतात आणि त्यात सह्याद्रीचे कडे साबणासारखे गुळगुळीत झालेले असतात. कागदावर उतार दिसतो, पायाखाली मात्र तो सरळ तुटलेला असतो.

हे मात्र घेऊ नका

उपग्रहामार्फत संदेश *पाठवणारी* यंत्रंही मिळतात, गार्मिनची इनरीच त्यातलीच. परदेशातले नातेवाईक प्रेमाने ती भेट आणतात. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय अशी यंत्रं बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांवर यावरून कारवाई झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. गार्मिनच्या मॉडेलच्या नावात शेवटी ‘आय’ असेल, जसं ६६आय किंवा ६७आय, तर त्यात हीच सोय असते. नुसतं ऐकणारा जीपीएस वेगळा. तरी विमानप्रवासात त्याचं बिल जवळ असू द्या, सुरक्षारक्षकाला दोन्हींतला फरक तोंडी समजावणं जड जातं.

जुनं यंत्र घेत असाल तर मोकळ्यावर चालू करून आधी तारीख बघा. जीपीएसची आठवड्यांची मोजणी १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येते, शेवटची एप्रिल २०१९ मध्ये आली. काही जुनी यंत्रं तेव्हापासून जवळजवळ वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. मग सेलच्या खणात हिरवट गंज आहे का, प्रत्येक बटण दाबलं जातं का आणि संगणकाला जोडल्यावर ते ओळखलं जातं का, एवढं बघा. नवं घेताना भारतातली वॉरंटी आहे याची खात्री करा. बाहेरून आणलेल्या स्वस्त यंत्राला दुरुस्ती केंद्र हात लावेलच असं नाही.

घरी आणल्यावर

पहिलं काम अक्षांश-रेखांशांच्या मांडणीचं. एकच जागा तीन तऱ्हांनी लिहितात आणि यंत्र भलत्याच तऱ्हेवर असेल तर घोळ होतो. सिंहगडाचा अक्षांश दशांशात १८.३६६ अंश आहे. तोच अंश-मिनिटांत १८ अंश २१.९६ मिनिटं. कुणी १८.३६६ हे १८ अंश ३६.६ मिनिटं असं भरलं, तर जागा २७ किलोमीटर उत्तरेला सरकते, म्हणजे सिंहगड थेट पिंपरी-चिंचवडकडे. आपल्या गटात सगळ्यांनी एकच तऱ्हा ठरवा. अडचणीच्या वेळी बचाव पथकाला फोनवर आकडे वाचून दाखवायचे असतात, तेव्हा हा गोंधळ परवडत नाही. नकाशाचा आधार (मेनूत ‘मॅप डेटम’), म्हणजे आकडे पृथ्वीच्या कुठल्या गणिती आकारावर मोजायचे ते, डब्ल्यूजीएस ८४ (WGS 84) ठेवा. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने छापील नकाशे, म्हणजे टोपोशीट, एव्हरेस्ट या वेगळ्या आधारावर आहेत, त्यांच्यावरून आकडे काढले तर जागा सरकलेली दिसेल.

मग ट्रॅक नोंदणी, म्हणजे चाललेल्या वाटेची रेषा साठवणं, आपोआप चालू राहील असं करा, आणि आल्या वाटेने परत नेणारी सोय कुठल्या बटणाखाली आहे ते डोळे मिटून सापडेपर्यंत सराव करा. चेष्टा नाही, ती लागते तेव्हा अंधार असतो.

टेकडीवरची परीक्षा

पुण्यात वेताळ टेकडी, नाशकात पांडवलेणी, तुमच्या गावात जी असेल ती. उघड्यावरच्या एका दगडावर यंत्र ठेवून पाच मिनिटांनी जागा साठवा. तासाभराने परत त्याच दगडावर या आणि यंत्र किती मीटर लांब दाखवतं ते बघा. पाच-सात मीटर उत्तम. मग हाच प्रयोग झाडाखाली आणि एखाद्या उंच भिंतीला लागून करा. एकाच वाटेने दोनदा चालून दोन्ही रेषा एकावर एक ठेवून पाहा, किती फाकतात ते कळेल. बाटलीतलं पाणी स्क्रीनवर ओतून बटणं दाबा. सेल पूर्ण भरून यंत्र सकाळी चालू करा आणि रात्री किती उरले ते लिहून ठेवा. खोक्यावरच्या तासांपेक्षा हा तुमचा आकडा खरा.

ट्रेकच्या दिवशी

पायथ्याच्या गावात गाडी लावली की पहिली खूण तिथली. यंत्र सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर, शक्य तितकं वर. प्रत्येक फाट्यावर, विशेषतः ढोरवाट मळलेल्या वाटेसारखीच दिसते तिथे, खूण साठवा. चढताना खूण नको वाटते, पण उतरताना तोच फाटा उलट्या बाजूने वेगळा दिसतो.

‘मुक्काम ४०० मीटर’ असं यंत्राने सांगितलं तरी ते सरळ रेषेतलं अंतर आहे, मधे दरी असू शकते. बाणाच्या मागे जाऊ नका, साठवलेल्या रेषेच्या मागे जा. आणि दुसऱ्याची रेषा वापरत असाल तर ती कुणी, कशी चालून काढली ते विचारा. इंटरनेटवरच्या कित्येक रेषा दोर लावून उतरलेल्या मंडळींच्या असतात, फाईलला ते बोलता येत नाही. वाटाड्या मिळाला तर घ्याच. त्याच्यासोबत चालताना यंत्र चालू ठेवा, पुढच्या वेळी तीच रेषा सोन्याची होते.

घरी आल्यावर ती फाईल नाव देऊन ठेवा आणि मग इतरांना पाठवा. नुसतं ‘हरिश्चंद्रगड’ असं नाव असलेल्या डझनभर फाइली माझ्याकडे पडून आहेत, त्यांतली भर पावसात कुठली चालेल ते मलाही सांगता येत नाही. नावातच लिहायचं: पाचनई ते हरिश्चंद्रगड, नोव्हेंबर, ओढा कोरडा, टाक्यात पाणी आहे.